सात हात घोंगडे : वाशीमचे हटकर, खुटेकरांचा माग आणि ठाण्याची गिरणी

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले. त्यात बाशिमचा, म्हणजे आजच्या वाशीमचा, उल्लेख येतो. या भागात हटकर नावाचे लोक राहतात, ते मानी आणि कोणाला न जुमानणारे आहेत आणि त्यांच्याकडे १,००० घोडेस्वार व ५,००० पायदळ आहे, असे तो नोंदवतो. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची ही राजधानी. ताम्रपटांमुळे तिचे ते वैभव इतिहासप्रेमींना परिचित असते. हटकरांची ही नोंद मात्र सहसा वाचली जात नाही.

हटकर हे धनगर समाजातील. इंग्रज अमदानीत बाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता (१९०५ मध्ये तो मोडून अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला, आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ चा). त्या काळच्या वऱ्हाडविषयक नोंदी १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी आपल्या ग्रंथात घेतल्या. त्यांत एक तपशील असा आहे, की तो वाचताना थांबावेच लागते. पूर्वी हटकर शिकारीला किंवा स्वारीला निघाला, की सोबत दोनच वस्तू घेई : एक भाला आणि सात हात लांबीचे घोंगडे.

याच भाल्यावरून त्यांना ‘बर्गी धनगर’ म्हणत, असेही तिथे म्हटले आहे. ही व्युत्पत्ती जपूनच घ्यावी. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या ‘बारगीर’ या फारसी शब्दाशी तिचे नाते अधिक संभवते. बंगालने मराठी स्वारांना ‘बर्गी’ म्हटले तेही त्यावरूनच. घोंगड्याच्या तपशिलावर मात्र शंका घेण्याचे कारण नाही.

सात हात म्हणजे साधारण साडेदहा फूट. एका माणसाला एवढे पांघरूण कशाला? कारण ते केवळ पांघरूण नव्हते. अर्धे अंथरावे, अर्धे अंगावर घ्यावे. पावसात दुमडून डोक्यावर खोळ करावी. गाठ मारून त्यात धान्य बांधावे. लोकरीत मुळातच असलेली चरबी पाण्याचे थेंब काही काळ अडवते. ओले झाले तरी घोंगडे ऊब सोडत नाही, फक्त वाळायला फार वेळ लावते. मराठीत प्रश्न ‘भिजत घोंगडे’ होऊन पडतात ते उगीच नव्हे.

हे विणत कोण असे? धनगरांतच त्यासाठी निराळी शाखा होती : खुटेकर. त्यांच्या जोडीला सनगर. कारखानदारीच्या इतिहासात या घरांची गणना होत नाही, ही त्या इतिहासाची उणीव. कारण घर हाच कारखाना होता आणि कामाची वाटणी पक्की होती. दख्खनी मेंढीची लोकर कातरीने उतरवायची, पिंजायची. चरख्यावर सूत काढण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांचे. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ करायची आणि ताण्याला कुंच्याने द्यायची, म्हणजे खरखरीत सूत विणताना तुटत नाही. मग खड्डामागावर पाय सोडून बसायचे. माग अरुंद, म्हणून पट्ट्या विणून त्या एकमेकींना शिवायच्या. रंगाचा प्रश्नच नसे : काळ्या मेंढीचे काळे, पांढऱ्या मेंढीचे काठ. आज शहरांतील दुकाने ‘रेट्रो’ म्हणून ज्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मिरवतात, त्या मुळात कोणी काढलेली नक्षी नव्हती. तो कळपाचा रंग होता.

दरम्यान गिरण्या आल्या. कानपूरला १८७६ मध्ये लोकरीची गिरणी निघाली. १९२५ मध्ये ठाण्याच्या खाडीकाठी रेमंड वुलन मिल उभी राहिली. १९४४ मध्ये कानपूरच्या सिंघानिया घराण्यातील लाला कैलाशपत यांनी ती हाती घेतली, तेव्हा तिथे मुख्यत्वे काय निघत असे? स्वस्त, जाडीभरडी लोकरी ब्लँकेटे आणि थोडे हलक्या किमतीचे कापड. सुटाच्या उंची कापडामुळे घरोघरी पोहोचलेल्या नावाची सुरुवात ही अशी, घोंगड्याच्या शेजारच्या पायरीवरची.

पुढे ती गिरणी त्या पायरीवरून उठून गेली. १९५८ मध्ये मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये तिचे पहिले दालन उघडले. उंची कापडासाठी लागते मेरिनो लोकर, जिचा तंतू सुमारे २० मायक्रॉनचा. दख्खनी मेंढीचा तंतू त्याहून पुष्कळ जाड. सुटाला तो निरुपयोगी. याच कंपनीचे नाव पुढे विदर्भातही आले, वाशीमच्या शेजारी यवतमाळजवळ लोहाऱ्याला. पण डेनिमसाठी, म्हणजे कापसाच्या जोरावर. वऱ्हाडच्या मेंढीला त्यात वाटा नव्हता.

म्हणून ‘गिरणीने घोंगडी मारली’ हे सोपे विधान अपुरे वाटते. खरा आघात खालून आला. पानिपत हे नाव मराठी माणसाला १७६१ मुळे ठाऊक, पण तिथे जुने कपडे पिंजून पुन्हा सूत काढण्याचा प्रचंड उद्योग वाढला आणि त्या सुताची स्वस्त ब्लँकेटे देशभर गेली. मदतकार्यात वाटली जातात ती बहुधा हीच. त्यानंतर पॉलिएस्टरची मऊ, फुलाफुलांची ब्लँकेटे आली. अनेक दिवसांच्या घरकामातून निघणारे घोंगडे या किमतीला उतरणे शक्यच नव्हते.

मग मेंढपाळही बदलला. लोकरीला भाव नाही, मांसाला आहे. म्हणून कमी लोकरीच्या, अंगाने भरदार मेंढ्यांशी संकर होऊ लागला. मेंढीच्या आरोग्यासाठी लोकर कातरावी तर लागतेच. ती कातरून माळावर टाकून दिली जाते, असे दृश्य दख्खनमध्ये आता नवे नाही. आज काही तरुण मंडळी ऑनलाइन घोंगडी विकतात आणि तिला गिऱ्हाईकही मिळते. अडचण मागणीची कमी, हातांची अधिक आहे : मागावर बसणारा वयस्क आणि घरातील पुढची पिढी दुसऱ्या कामात.

खंडोबाच्या जागरणात मात्र पूजा मांडायला अनेक घरांत अजून घोंगडीच अंथरतात. तिथे ब्लँकेट चालत नाही.