घरगुती उपकरणांची हमी

घरगुती उपकरणांची हमी (वॉरंटी) म्हणजे शीतकपाट (फ्रीज), धुलाईयंत्र (वॉशिंग मशीन), वातानुकूलन यंत्र (एसी), दूरचित्रवाणी संच यांसारखी टिकाऊ उपकरणे ठरावीक मुदतीत सदोष आढळल्यास ती विनामूल्य दुरुस्त करून वा बदलून देण्याचे उत्पादकाने ग्राहकाला दिलेले वचन होय. भारतात अशा उपकरणांच्या हमीचा किमान कालावधी कायद्याने निश्चित केलेला नाही. तो उत्पादक स्वतः ठरवतो. मात्र उत्पादकाचे व विक्रेत्याचे उत्तरदायित्व केवळ हमीपत्रातून निर्माण होत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ या कायद्यांनी ग्राहकाला हमीपत्रापलीकडचे काही हक्क दिले आहेत. त्यामुळे महागडे उपकरण अपेक्षेपेक्षा फार लवकर निकामी झाल्यास छापील मुदत संपली आहे एवढ्याच कारणाने ग्राहकाचा दावा आपोआप संपुष्टात येत नाही; तथापि तो सिद्ध करणे अधिक कठीण होते.

संज्ञा

बोलीभाषेत 'गॅरंटी' व 'वॉरंटी' हे शब्द समानार्थी वापरले जातात. व्यापारी व्यवहारात 'गॅरंटी' म्हणजे वस्तू बदलून मिळणार आणि 'वॉरंटी' म्हणजे दुरुस्त करून मिळणार असा समज रूढ आहे. परंतु प्रत्यक्ष हक्क त्या शब्दावरून नव्हे, तर हमीपत्रातील मजकुरावरून ठरतो. हमीचे दोन प्रकार मानले जातात. उत्पादकाने लेखी वा जाहिरातीतून दिलेली ती व्यक्त हमी. आणि कोणी लिहून दिली नसली तरी कायद्याने विक्रीच्या करारात अंतर्भूत मानलेली ती निहित हमी वा निहित शर्त.

विक्रेता अथवा अन्य कंपनी वेगळे शुल्क घेऊन देते ती वाढीव हमी (एक्स्टेंडेड वॉरंटी) आणि देखभालीसाठी केला जाणारा वार्षिक देखभाल करार (एएमसी) हे स्वतंत्र करार असतात. त्यांच्या अटी मूळ हमीपत्रापेक्षा वेगळ्या असू शकतात.

हमीपत्राचे स्वरूप व मर्यादा

भारतीय बाजारात संपूर्ण उपकरणावर एक वर्षाची हमी आणि एखाद्या प्रमुख भागावर त्याहून दीर्घ हमी, ही रचना सर्वत्र आढळते. शीतकपाट व वातानुकूलन यंत्राच्या कॉम्प्रेसरवर किंवा धुलाईयंत्राच्या मोटारीवर १० वर्षांची हमी असल्याच्या जाहिराती नेहमी दिसतात. अशी हमी बहुधा त्या एका भागाच्या किमतीपुरती असते. तो बसवण्याची मजुरी, वायू (गॅस) भरण्याचा खर्च, वाहतूक, तसेच कॉम्प्रेसर नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल (पीसीबी) त्यात समाविष्ट असेलच असे नाही. परिणामी दहा वर्षांची हमी असलेले यंत्र तिसऱ्या वर्षी बंद पडले, तरी दुरुस्तीचा मोठा भाग ग्राहकालाच सोसावा लागू शकतो.

हमीपत्रांत सामान्यतः पुढील बाबी वगळलेल्या असतात :

• विद्युतदाबातील चढउतार, वीज कोसळणे, पूर यांमुळे झालेले नुकसान
• उंदीर वा कीटकांनी वायर कुरतडणे
• काच, प्लॅस्टिकचे भाग, रबरी नळ्या व दिवे
• अनधिकृत मेकॅनिककडून केलेली दुरुस्ती
• घरगुती उपकरणाचा व्यावसायिक वापर
• खोडलेला वा नाहीसा झालेला अनुक्रमांक

हमीच्या मुदतीत एखादा भाग बदलून दिल्यास त्यावर नवी पूर्ण मुदत मिळत नाही, तर मूळ मुदतीतील उरलेला काळच लागू होतो, अशी अटही बहुधा असते. हमी खरेदीच्या दिनांकापासून मोजावी की उपकरण घरी बसवल्यापासून, हाही वादाचा विषय ठरतो. तंत्रज्ञाने बसवून दिल्याशिवाय वापरता न येणाऱ्या उपकरणांची हमी बसवल्याच्या दिनांकापासून सुरू करावी, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने उत्पादकांना केली आहे.

अकाली बिघाडाची कारणे

विश्वसनीयता अभियांत्रिकीत उपकरणांच्या बिघाडाचे प्रमाण 'बाथटब वक्रा'ने दर्शवतात. निर्मितीतील उणिवांमुळे प्रारंभी बिघाड अधिक होतात, त्यानंतर दीर्घकाळ ते अल्प राहतात आणि झीज झाल्यावर अखेरीस पुन्हा वाढतात. एक वर्षाची हमी या वक्राचा केवळ आरंभीचा भाग व्यापते. दुसऱ्या ते पाचव्या वर्षातील बिघाड ग्राहकाच्या दृष्टीने अकाली असतो. हमीपत्राच्या दृष्टीने तो मुदतीबाहेरचा असतो. बहुतेक वाद याच कालखंडातून उद्भवतात.

बिघाडाची कारणे मुख्यतः तीन ठिकाणी आढळतात. पहिले, निर्मिती वा रचनेतील दोष : सदोष जोडणी (सोल्डरिंग), शीतक वायूच्या नळीतील सूक्ष्म गळती, उष्णतेने लवकर निकामी होणारे कपॅसिटर इत्यादी. दुसरे, परिस्थिती : विद्युतदाबातील तीव्र चढउतार पीसीबीला घातक ठरतात, जड पाण्यातील क्षार धुलाईयंत्राच्या व गिझरच्या तापकावर साचतात, कोकण, मुंबई व गोवा यांसारख्या किनारी प्रदेशांत खाऱ्या हवेमुळे वातानुकूलन यंत्राच्या बाह्य भागातील धातूच्या नळ्या व पत्रे गंजतात. तिसरे, वापर : अतिभार, स्वच्छतेचा अभाव, चुकीची मांडणी. पहिल्या कारणाची जबाबदारी उत्पादकाची असते, तिसऱ्याची ग्राहकाची. दुसऱ्या कारणाबाबत मात्र मतभेद होतात, कारण उपकरण ज्या प्रदेशात विकले जाते तेथील सर्वसाधारण परिस्थितीत ते टिकावे ही अपेक्षा रास्त मानता येते.

कायदेशीर तरतुदी

मालविक्री अधिनियम, १९३० : या कायद्याच्या कलम १६ नुसार ग्राहकाने आपला हेतू विक्रेत्यास कळवून त्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या हेतूस योग्य असावा अशी निहित शर्त असते. तसेच वर्णनावरून विकलेला माल व्यापारयोग्य गुणवत्तेचा असावा लागतो. मात्र खरेदीपूर्वी तपासणी केली असल्यास त्या तपासणीत दिसून यावयास हवे होते अशा दोषांना ही दुसरी शर्त लागू होत नाही. यंत्राच्या आतील दोष दुकानातील पाहणीत दिसत नसल्याने ही तरतूद उपकरणांच्या बाबतीत महत्त्वाची ठरते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ : १९८६ च्या अधिनियमाची जागा घेणारा हा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. गुणवत्ता, प्रमाण, सामर्थ्य, शुद्धता वा मानक यांतील कोणतीही उणीव किंवा अपूर्णता म्हणजे 'दोष', अशी व्यापक व्याख्या त्यात आहे. हमीतील दुरुस्ती टाळणे वा वारंवार अपुरी करणे ही 'सेवेतील त्रुटी' ठरू शकते. पुरेशा चाचणीवाचून कार्यक्षमतेची वा टिकाऊपणाची हमी देणे, बिल न देणे, तसेच बिलात नमूद मुदतीत, किंवा मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे या 'अनुचित व्यापारी प्रथा' आहेत. कलम १०० नुसार या कायद्यातील तरतुदी अन्य कायद्यांतील हक्कांना पूरक आहेत.

उत्पादन दायित्व : याच अधिनियमाच्या कलम ८२ ते ८७ मध्ये सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक, सेवा पुरवठादार व विक्रेता यांचे दायित्व सांगितले आहे. येथे 'हानी' या संज्ञेतून खुद्द उत्पादनाचे नुकसान वगळले आहे. म्हणजे सदोष फ्रीजमुळे आग लागून कोणी जखमी झाल्यास हे प्रकरण लागू होते; फ्रीज नुसताच बंद पडल्यास ग्राहकाला 'दोष' व 'सेवेतील त्रुटी' या तरतुदींचा आधार घ्यावा लागतो.

तक्रार निवारणाचे टप्पे

पहिला टप्पा म्हणजे कंपनीच्या सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घेणे. निवारण न झाल्यास उत्पादक व विक्रेता या दोघांनाही लेखी पत्र वा ई-मेल पाठवला जातो. ऑनलाइन खरेदी असल्यास ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संबंधित मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन एक महिन्यात तक्रारीचे निवारण करावयाचे असते. यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (दूरध्वनी १९१५) दाद मागता येते. ही हेल्पलाइन वाद न्यायालयीन स्वरूप धारण करण्यापूर्वी तडजोडीचा प्रयत्न करते. तिला बंधनकारक आदेश देण्याचा अधिकार नाही.

अखेरचा मार्ग म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार या आयोगाकडे करता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, त्यामुळे घरगुती उपकरणांच्या जवळजवळ सर्व तक्रारी निःशुल्क दाखल होतात. ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली. वकील नेमणे अनिवार्य नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. पुरेसे कारण असल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. रक्कम देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला अपिलासाठी त्या रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. आदेशाचे पालन न केल्यास कारावास वा दंडाची तरतूद आहे.

पुरावा

वस्तूत दोष आहे हे सिद्ध करण्याची प्राथमिक जबाबदारी तक्रारदाराची असते. त्यामुळे खरेदीचे बिल, हमीपत्र, बसवल्याची नोंद, प्रत्येक भेटीनंतर तंत्रज्ञाने दिलेले जॉब शीट, पत्रव्यवहार आणि बिघाडाची छायाचित्रे ही कागदपत्रे निर्णायक ठरतात. एकाच भागाचा बिघाड पुनःपुन्हा झाल्याचे जॉब शीटवरून दिसत असेल, तर मूळ दोषाच्या दाव्यास बळकटी येते.

योग्य तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग ती वस्तू वा तिचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो. प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. हमी संपल्यानंतरच्या दाव्यांत असा तज्ज्ञ अहवाल विशेष मोलाचा असतो, कारण तेथे झीज आणि मूळ दोष यांतील भेद दाखवून द्यावा लागतो. तपासणीपूर्वी उपकरण बाहेरच्या मेकॅनिककडून उघडले गेल्यास किंवा बदललेला भाग टाकून दिल्यास हा पुरावा नष्ट होतो.

मर्यादा व टीका

उपकरणात बिघाड झाला म्हणजे नवे उपकरण मिळतेच असे नाही. २००६ मधील एका मोटारविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने, हमीपत्रातील वचन सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे असल्याने संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असे म्हटले होते. उपकरण काही वर्षे वापरले गेले असल्यास परताव्यातून घसारा वजा होण्याची शक्यता असते.

कायद्यानुसार तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत व तपासणीची गरज असलेली पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे याहून फार काळ रेंगाळतात. आयोगांतील अध्यक्ष व सदस्यांच्या रिक्त जागांची सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. रोज लागणारे उपकरण निकालापर्यंत बंद ठेवणे बहुतेक कुटुंबांना परवडत नाही. तोवर ते दुरुस्त करून घ्यावे तर पुरावा जातो आणि न करावे तर गैरसोय होते. हा पेच भारतीय व्यवस्थेतील मोठा दोष मानला जातो.

महाराष्ट्रातील ग्राहक चळवळ

ग्राहक संरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा होण्यापूर्वीच महाराष्ट्रात संघटित ग्राहक चळवळ उभी राहिली होती. कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले, तर मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये स्थापन झाली. नोंदणीकृत ग्राहक संघटनेला ग्राहकाच्या वतीने आयोगाकडे तक्रार दाखल करता येते.

इतर देशांतील स्थिती

युरोपीय संघात नव्या वस्तूंवर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते आणि पहिल्या वर्षात आढळलेला दोष वस्तू ताब्यात मिळतानाच होता असे गृहीत धरले जाते. तसे नसल्याचे विक्रेत्यास सिद्ध करावे लागते. ब्रिटनमध्ये ग्राहक हक्क कायदा, २०१५ नुसार सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारता येते व पहिल्या सहा महिन्यांत पुराव्याचा भार सामान्यतः विक्रेत्यावर असतो. फ्रान्सने २०१५ मध्ये उत्पादनाचे आयुष्य हेतुपुरस्सर कमी करणे हा गुन्हा ठरवला. भारतातील कायद्यात पुराव्याचा भार असा विक्रेत्यावर टाकणारी सर्वसाधारण तरतूद नाही.

दुरुस्तीचा हक्क

सुटे भाग न मिळाल्याने दुरुस्त होऊ शकणारी उपकरणेही टाकून द्यावी लागतात. युरोपीय संघाच्या मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार धुलाईयंत्रांचे ठरावीक सुटे भाग किमान १० वर्षे व शीतकपाटांचे किमान ७ वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली. शेती उपकरणे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे होती. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबर रोजी, सेवा केंद्रे, हमीच्या अटी व सुट्या भागांची माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू करण्यात आले. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या उपकरणांची विल्हेवाट ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार केली जाते. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

हे सुद्धा पहा

• ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
• मालविक्री अधिनियम, १९३०
• नियोजित कालबाह्यता
• ई-कचरा