जुळवाजुळव

जुन्नरचे नाव निघाले की माणसांच्या डोळ्यांसमोर शिवनेरी उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या तालुक्याला आणखी एक अभिमान बाळगता येण्यासारखा आहे, तो म्हणजे आकड्यांचा. तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. कोणत्या यज्ञात किती गाई दिल्या, किती कार्षापणे दक्षिणा दिली, याचा हिशेब त्यात अंकांनी मांडला आहे. भारतातील सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. आणि तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला, नारायणगावच्या पूर्वेस, खोडदला आकाशातून येणाऱ्या लहरींचा हिशेब रात्रंदिवस चालू असतो.

या दोन टोकांच्या मधे, कुकडीच्या काठी, आमची वस्ती आहे. आणि त्या वस्तीवर माझ्या पुतण्याने खेळ खेळण्यासाठी एक संगणक जुळविला. हिशेबयंत्रांच्या इतिहासाकडे मी वळलो तो या संगणकामुळे. म्हणून कथा तेथूनच सांगतो.

२०२३ च्या जुलैत टोमॅटोला कधी नव्हे तो भाव आला. कर्ज फिटून दादाच्या हातात थोडे पैसे राहिले. पुतण्या बारावीत होता. तो आधी माझ्याकडे आला. "काका, आप्पांना तुम्हीच सांगा. तयार संगणक घेतला तर साठ-सत्तर हजार जातील. मी सुटे भाग आणून चाळीस हजारांत जुळवतो."

"कशासाठी?"

"खेळायला," तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि मग घाईने, "अभ्यासालाही होईल."

दादा तयार झाला, पण अट घालून. "चाळीस म्हणजे चाळीस. आणि हिशेब मास्तरांनी बघायचा." मास्तर म्हणजे मी.

अशा रीतीने कागदावर यादी पडली. ग्राफिक्स कार्ड जुने, वापरलेले, १४,००० रुपयांचे. प्रोसेसर ९,०००. सगळे भाग ज्यावर बसवायचे तो मदरबोर्ड ७,०००. १६ जीबी रॅम ३,५००. माहिती साठवायची एसएसडी २,८००. वरचे कॅबिनेट २,५००. पडदा म्हणून घरचाच टीव्ही. आणि शेवटी भिंतीतली वीज सगळ्यांना वाटून देणारी पेटी, एसएमपीएस, ३,६००. बेरीज ४२,४०० झाली. मी यादीवरून पेन्सिल फिरवली आणि पेटीवर थांबलो. "जी ना दिसत, ना हिशेब करत, त्या डब्याला एवढे कशाला? याहून स्वस्त मिळत नाही का?" १,४०० रुपयांची मिळाली. बेरीज ४०,२०० वर आली. वरचे दोनशे मी माझ्या खिशातून दिले आणि आपण फार व्यवहारी आहो असे मला वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत जुळणी झाली. पहिल्या रात्री पंखे फिरले, पण पडदा काळाच. तासाभराने कळले की रॅमची पट्टी पुरती दाबली गेली नव्हती; एक बारीक 'टक्' आवाज यायचा राहिला होता. तो आला, आणि पडद्यावर अक्षरे उमटली. वहिनींनी यंत्रासमोर नारळ फोडला.

खेळाच्या यंत्रात एवढे महाग कार्ड कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता. पुतण्याने मला तो गणितानेच समजावला. पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके. गुणाकार २०,७३,६००. धावणारा घोडा खरा वाटायचा तर यातील प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा नव्याने ठरवावा लागतो. मुख्य प्रोसेसर हुशार शास्त्र्यासारखा. कठीण काम करील, पण एकामागून एक. कार्डात मात्र हजारो साधे कारकून एकाच वेळी तेच छोटे गणित करीत बसलेले असतात. या कार्डावरच्या मुख्य चिपेला 'जीपीयू' म्हणण्याची चाल १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने रूढ केली. २००७ पासून खेळाखेरीज इतर गणिते त्याच्यावर सोपवायची साधनेही त्या कंपनीने दिली. जगभरच्या पोरांनी खेळापायी जो पैसा ओतला, त्यातून विद्वानांच्या हाती एक स्वस्त आणि दांडगे यंत्र आले.

त्या विद्वानांत आमचे खोडदही येते. पण त्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण यंत्र जुळविण्याची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५६ मध्ये एक लहान चाचणीयंत्र चालू झाले आणि त्यावरून १९६० मध्ये पूर्ण संगणक उभा राहिला. पुढे १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' नाव मिळाले. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक हातांनी जोडून तो बनविला होता. आर. नरसिंहन यांच्याबरोबर खपणाऱ्या बहुतेकांनी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता.

त्याच संस्थेत १९६३ मध्ये, होमी भाभांच्या बोलावण्यावरून, गोविंद स्वरूप आले. त्यांची पहिली दुर्बीण आपल्या कल्याणची. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, सहा फुटी व्यासाच्या ३२ तबकड्या तिकडच्या संस्थेने भारताला भेट दिल्या होत्या. त्या दिल्लीत पडून होत्या. स्वरूपांनी त्या मिळविल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला मांडून सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या. जुने भाग, नवी जुळणी! पुढे १९७० मध्ये उटीला त्यांनी ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली, तीही मुद्दाम शोधलेल्या डोंगरउतारावर. त्या उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश. त्यामुळे दुर्बीण एकाच आसाभोवती फिरवून तारा तासन् तास धरून ठेवता येतो. जे काम यंत्राने करायचे, त्यातले अर्धे डोंगराने केले.

आणि मग खोडद. येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी एका चौरस किलोमीटरात, १६ तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरांपर्यंत पसरलेल्या. एवढ्या तबकड्या पत्र्याच्या करायच्या तर वजनाने आणि वाऱ्याने खर्च आवाक्याबाहेर गेला असता. स्वरूपांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रा टाकूनच दिला. पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारांची जाळी बसविली. तेथे टिपायच्या लहरींची लांबी वीस सेंटिमीटरांपासून दोन मीटरांपर्यंत. जाळीचे भोक एक ते दोन सेंटिमीटर. एवढी लांब लहर एवढ्या बारीक भोकातून निसटत नाही, तिला जाळी आरशासारखीच लागते. वारा मात्र आरपार जातो. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ ही दुर्बीण वापरू लागले.

तीस तबकड्यांच्या लहरी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. लग्नात तीस पाहुण्यांनी प्रत्येकाने प्रत्येकाला रामराम करायचा म्हटले तर ४३५ रामराम होतात. येथे ते अखंड चालू. हे काम आधी खास बनविलेल्या यंत्राकडे होते. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर आले, आणि दुर्बीण सुधारली गेली तेव्हा त्यात ग्राफिक्स कार्डाच्या जातीचीच कार्डे बसली. पुतण्याने हे वाचले त्या दिवशी तो कॅबिनेटवरची धूळ दोनदा पुसत होता.

पण डिसेंबर लागला आणि त्याचे यंत्र रुसले. लिहा-वाचायला काही नाही. खेळ सुरू झाला की दहा-पंधरा मिनिटांत फट्दिशी बंद. तेही रोज नाही. दादा म्हणाला, "वापरलेला माल घेतला की असंच. विकून टाक." पोराचा चेहरा उतरला. चाळीस हजार म्हणजे आमच्याकडे किती क्रेट आणि किती खुडणी, हे त्याला ठाऊक होते.

मला यंत्रातले काही कळत नाही, पण चुकलेले गणित कसे तपासतात ते कळते. मी त्याला एक वही दिली. म्हटले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदललीस तर बरे कशाने झाले ते कळणार नाही. आणि बंद पडले की तारीख, वेळ लिही."

पहिला संशय उष्णतेचा. पंखे साफ केले, प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावली. फरक नाही, शिवाय थंडीत रात्रीच का तापावे? मग रॅमची एकेक पट्टी काढून पाहिली. मग विंडोज नव्याने घातले. मग सगळे बोचके मोटारसायकलवर बांधून शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, मंचरला आत्याकडे नेले. तेथे तीन रात्री खेळला. यंत्र एकदाही बंद पडले नाही. घरी आणले, दुसऱ्या रात्री बंद! वहिनी म्हणाल्या, "आत्याच्या घरी पोरंसुद्धा शहाण्यासारखी वागतात."

जानेवारीत एके सकाळी दादा चहा पीत होता. वही समोर पडली होती. त्याने सहज उघडली, बोटाने तारखा मोजल्या आणि कप खाली ठेवला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," पुतण्या म्हणाला.

"ही तर माझी पाळी आहे."

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची आली की उसाला पाणी द्यायला दादा बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. जुन्नरचा ऊस म्हणजे बिबट्याचे घर, हे कोणाला सांगायला नको. वहीतल्या प्रत्येक नोंदीच्या वेळी दादा रानात होता आणि आमच्या डीपीवरच्या साऱ्या मोटारी चालू होत्या.

"मोटर घुरघुरते तेव्हाच मला कळतं, होल्टेज पडलं," दादा म्हणाला. "तुझं यंत्र तरी काय करील?"

मोटारी भरणाऱ्या एका कारागिराचा मीटर आणून मोजले. दिवसा २२५ व्होल्ट, रात्री मोटारी चालू झाल्यावर १७५. एका मित्राकडची चांगली पेटी उसनी आणून बसविली. मोटारी चालू असतानाच दोन तास खेळ चालला. दोष ना कार्डाचा होता, ना रॅमचा. १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेणारी ३,६०० ची पेटी मीच यादीतून काढली होती. स्वस्त पेटी मंचरच्या विजेवर चालून जाई; आमच्याकडे वीज पडे त्याच वेळी कार्ड जास्त ओढू लागले की तिचा दम सुटे. २,२०० वाचविण्यासाठी मी १,४०० घालविले होते. नव्या पेटीचे पैसे मी दिले, आणि ते योग्यच झाले.

काटकसर खोडदलाही झाली आणि आमच्या घरीही झाली. त्यांनी पत्रा काढला तो लहर मोजून; मी पेटी काढली ती न मोजता. काय काढले तरी चालते हे ज्याला कळते, त्यालाच काढायचा अधिकार.

त्यानंतर रात्रीच्या पाळीला पुतण्या बापाबरोबर जाऊ लागला. कोणी सांगितले नव्हते. यंत्र आता बंद पडत नव्हते, पण त्या रात्री ते झाकूनच असे.

२८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाला, खोडदला लोकांना दुर्बीण पाहता येते. आसपासच्या शाळांची प्रदर्शनेही तेथे भरतात. २०२४ साली मी शाळेची मुले नेली, तेव्हा दादालाही ओढून नेले. तेथे समजले की विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांचा गोंगाट या दुर्बिणीलाही छळतो, आणि तो कुठून येतो हे तेथील लोकांना शोधत फिरावे लागते. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी वहीची खूण केली.

दादा मात्र मान वर करून त्या प्रचंड जाळीतून दिसणारे आकाश न्याहाळीत होता. पुष्कळ वेळाने म्हणाला, "वाऱ्याला वाट ठेवलीय. आपल्या कांदाचाळीसारखी. ज्यानं बांधलं, त्याला कळत होतं."