कपाटाचा कंगोरा, कागदावर आणि पडद्यावर

थॉमस चिपेंडेल हा यॉर्कशायरमधल्या ऑटली गावचा कारागीर. लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये त्याचा कारखाना होता. 1754 साली त्याने ‘द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर’ हे नमुन्यांचे पुस्तक काढले. त्यात कोरीव छपाईची 160 चित्रे होती. काही खुर्च्यांचे पुढचे दोन पाय मुद्दाम वेगवेगळे काढलेले होते. गिऱ्हाइकाने हवा तो निवडायचा. कपाटांच्या चित्रांसोबत कंगोऱ्यांचे छेद मोठे करून, मापांसकट दिलेले असत. पुस्तकाचे खरे मोल या छेदांत आहे. नुसत्या देखण्या चित्रावरून सुताराला कपाट करता येत नाही, छेद हातात असला की येते.

तो छेद लाकडात उतरवायला खास रंधा लागे. त्याचा तळ आणि पाते कंगोऱ्याच्या नेमक्या उलट आकाराचे असे. फळीच्या कडेवरून तो फिरवत गेले की आकार हळूहळू उमटे.

कपाटे ठरावीक मापांत बसवण्याची कल्पना त्या मानाने फार अलीकडची. व्हिएन्नाच्या वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोट्झकी यांनी 1926 मध्ये फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. सुमारे 1.9 बाय 3.4 मीटरच्या जागेत ओटा, कपाटे, खण असे सगळे जागच्या जागी बसवलेले होते. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, कारण त्यातल्या टॅनिनमुळे किडे दूर राहतात. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरे बसली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतच फळ्यांना 32 मिलिमीटर अंतरावर भोके पाडण्याची पद्धत रूढ झाली. आजही पुष्कळ मॉड्युलर कपाटांच्या बिजागऱ्या आणि फळ्यांचे टेकू त्याच मापावर बसतात.

संगणकावरच्या आराखड्यालाही साचा आवडतो. 1963 मध्ये एमआयटीत इव्हान सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ दाखवले. मूळ आकृती एकदाच काढायची, तिच्या हव्या तितक्या प्रती ठेवायच्या. मूळ बदलली की सगळ्या प्रती बदलतात. दारे-खणांसाठी ही सोय अमोल आहे.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरी तयार झालेले ‘स्केचअप’ 2000 साली बाजारात आले. 2006 मध्ये गूगलने ते विकत घेतले आणि त्याची मोफत आवृत्ती दिली, तेव्हा घराचा आराखडा स्वतः काढू पाहणाऱ्यांनाही ते खुले झाले. त्यातल्या ‘फॉलो मी’ या साधनात कंगोऱ्याचा छेद काढायचा आणि कपाटाच्या कडेचा मार्ग दाखवायचा. छेद त्या मार्गाने धावतो, कोपऱ्यावर आपोआप वळतो. जुन्या रंध्याचेच हे काम आहे. फरक एवढाच, की रंध्याला कोपरा वळता येत नसे, तिथे दोन पट्ट्या तिरप्या कापून जोडाव्या लागत.

स्केचअपमध्येही मूळ आकृती आणि तिच्या प्रती असतात. तिथे अडचण येते ती वेगळ्या कपाटाची. खिडकीशेजारच्या खांबामुळे एकाच कपाटाची खोली कमी करायची असेल आणि मूळ आकृतीला हात लावला, तर ओळीतली सगळीच कपाटे आखडतात. म्हणून ‘मेक युनिक’ हा आदेश आहे. तो दिला की ते एक कपाट बाकीच्यांपासून सुटे होते, मग त्याची खोली, कंगोरा, मूठ सारे स्वतंत्रपणे बदलता येते.