खांद्यावरचा आणि खिशातला

साधारण २००० ते २०१० या दशकात आपल्यासारख्या परदेशातल्या मराठी घरांत दोन जातींचे डिजिटल कॅमेरे नांदले. एक खांद्यावरचा: काळा, जाडजूड, लग्नात भटजींच्याही पुढे जाऊन उभे राहण्याचा हक्क असलेला. दुसरा खिशातला: साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, पर्समध्ये किल्ल्या आणि टायलेनॉलच्या बाटलीशेजारी पडून राहणारा. पहिल्याच्या मालकाला सगळे "जरा आमचाही एक काढा हो" म्हणत. दुसऱ्याच्या मालकाला कोणी काही म्हणत नसे, कारण तो ज्याच्या त्याच्याकडे होता. आज दोघेही कपाटाच्या वरच्या फळीवर गेले आहेत. पण त्या दहा वर्षांचा आपला इतिहास, घरचा आणि मंडळाचा, या दोघांनी मिळून लिहिला. कोणी काय लिहून ठेवले, हे पाहण्याजोगे आहे.

माझ्याकडे दोन्ही होते. २००४ साली सेकंडहँड घेतलेला निकॉन डी-वन, आणि २००७ साली पत्नीने घेतलेला कॅनन पॉवरशॉट एसडी-१०००. पहिला मूळचा वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांसाठी केलेला, दुसरा घरगुती. तेव्हा ही तुलना पुस्तकी नाही, सोसलेली आहे.

मूळ पुरुष एकच

गंमत म्हणजे दोघांचे कूळ एकच, आणि तेही आपल्या अंगणातले. १९६९ साली न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल लॅबोरेटरीजमध्ये, विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी सीसीडी नावाच्या चिपची कल्पना मांडली. प्रकाश पडला की त्याचे विजेच्या भारात रूपांतर करायचे आणि तो भार ओळीने एका टोकाला नेऊन मोजायचा, हे तिचे काम. या शोधासाठी दोघांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

इथून गाडीने पाच-सहा तासांवर असलेल्या रॉचेस्टरमध्ये, कोडॅकच्या प्रयोगशाळेत, स्टीव्ह सॅसन या २५ वर्षांच्या इंजिनिअरने डिसेंबर १९७५ मध्ये अशी एक चिप वापरून पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्र काळे-पांढरे, १०० गुणिले १०० म्हणजे फक्त दहा हजार ठिपक्यांचे. ते साध्या कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि मग टीव्हीवर दिसे. फिल्म विकून जगणाऱ्या कंपनीच्या पोटातच फिल्मचा काळ जन्माला आला होता.

पुढे या घराण्याच्या दोन पाती झाल्या. थोरली पाती वर्तमानपत्रांची. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या एफ-थ्री या फिल्म कॅमेऱ्याला डिजिटल पाठ जोडून डीसीएस नावाचा कॅमेरा विकायला काढला. तेरा लाख ठिपके, सोबत हार्ड डिस्कचा वेगळा डबा, आणि तो डबा खरोखरच खांद्याला अडकवून फिरायचे! किंमत वीस हजार डॉलरच्या वर. ती परवडणार कोणाला? संध्याकाळच्या आत फोटो हवाच असलेल्या वृत्तसंस्थांना. १९९९ साली निकॉनने पूर्णपणे स्वतःचा डी-वन काढला. सत्तावीस लाख ठिपके, सेकंदाला साडेचार फोटो, किंमत पाच ते सहा हजार डॉलर. मोटारीच्या किमतीचा कॅमेरा स्कूटरच्या किमतीवर आला आणि वर्तमानपत्रांच्या डार्करूम बंद पडायला लागल्या.

धाकटी पाती घरांची. १९९५ साली कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. त्यात जेमतेम अडीच लाख ठिपके होते, पण पाठीवर छोटा पडदा होता आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसे. "बघू, बघू, कसा आलाय?" हे वाक्य तेव्हापासून आपल्या तोंडी बसले. २००० साली कॅननने पत्त्यांच्या कॅटाएवढा आयक्सस काढला. अमेरिकेत तो एल्फ नावाने विकला गेला. त्यात एकवीस लाख ठिपके. आमच्या घरचा एसडी-१००० हा याच एल्फचा सात वर्षांनी धाकटा भाऊ.

सत्तावीस विरुद्ध एकाहत्तर

आता दोघांना शेजारी ठेवू. डी-वन: लेन्स सोडून ११०० ग्रॅम, ठिपके २७ लाख. एसडी-१०००: सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, ठिपके ७१ लाख. दुकानदार तेव्हा मेगापिक्सेलच मोजून दाखवत. त्या हिशेबाने माझा "प्रोफेशनल" कॅमेरा आठ वर्षांत भंगारात जायला हवा होता. आमच्या घरात ही टिप्पणी मला अनेकदा ऐकावी लागली.

पण ठिपके किती, यापेक्षा ते केवढे हे जास्त महत्त्वाचे. पाऊस पडतोय अशी कल्पना करा. अंगणात घंगाळे मांडली आहेत आणि कट्ट्यावर पळीपंचपात्रातल्या पळ्या. पळ्या संख्येने जास्त, पण सर हलकी असेल तर पळीत दोन थेंब पडणार, आणि त्यात एक वाऱ्याने उडून आलेला. डी-वनचा सेन्सर सुमारे २४ बाय १६ मिलिमीटर. खिशातल्याचा सुमारे पावणेसहा बाय सव्वाचार. क्षेत्रफळात पंधरा पटींचा फरक. शिवाय लहान जागेत जास्त ठिपके, त्यामुळे डी-वनचा एकेक ठिपका क्षेत्रफळाने जवळजवळ चाळीसपट मोठा. मधल्या आठ वर्षांत चिपा सुधारल्या होत्या, त्यामुळे चाळीसपट फायदा हाती लागत नसे; पण जो लागे तो डोळ्यांना दिसे. शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन केलेल्या आपल्या नाटकांत, रंगमंचावर मंद निळा प्रकाश असताना, खिशातला कॅमेरा एक तर फ्लॅश मारून पुढच्या तीन रांगांतली डोकी उजळायचा, नाही तर नायिकेच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे आणायचा. खांद्यावरचा शांतपणे नायिकाच टिपायचा.

दुसरा फरक वेळेचा. खांद्यावरच्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून डोळ्याकडे जातो, आणि फोकस कुठे आहे हे मोजणारे वेगळे सेन्सर त्याच वाटेवर बसवलेले असतात. ते एका मोजणीत सांगतात, इतके पुढे, इतके मागे. खिशातल्यात आरसा नाही. तो लेन्स पुढेमागे सरकवून, चित्र कुठे सर्वांत रेखीव दिसते ते चाचपत बसे. उजेड कमी असला की हे चाचपडणे लांबे. लेझीमचा हात वर गेला म्हणून बटण दाबावे, तर फोटो यायचा हात खाली आल्याचा.

तर मग खिशातला हरला का? मुळीच नाही. चार बाय सहा इंचांच्या नेहमीच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तर साडेएकवीस लाख ठिपके पुरतात. एवढे दोघांकडेही होते. पण भरपूर उजेडात काढलेल्या फोटोचे एसडी-१००० दहा बाय साडेसात इंचांपर्यंत सुरेख मोठे प्रिंट देई. त्याच मोजमापाने डी-वन पावणेसात इंचांवर थांबे. उन्हात, पिकनिकला, अंगणात खिशातला सरस. आणि त्याचा सर्वांत मोठा गुण कुठल्याच पत्रकात छापत नसत: तो जवळ असायचा.

दोन साक्षीदार

या दोन गुणांचे मोल जगाच्या इतिहासानेही दाखवून दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा समोरच्याच कार्यालयातून "मुंबई मिरर"चे छायाचित्र-संपादक सेबॅस्टियन डिसूझा कॅमेरा आणि लेन्स घेऊन स्टेशनात धावले. हातात बंदूक घेऊन चालणाऱ्या कसाबचे त्यांनी टिपलेले छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. स्टेशनच्या दिव्यांचा उजेड, लांबून वापरायची लेन्स, आणि जागच्या जागी चालणारे बटण. हे काम खांद्यावरच्या कॅमेऱ्याचेच, आणि अर्थात तो धरणाऱ्या छातीचे. ती छायाचित्रे पुढे खटल्यात पुरावा झाली आणि डिसूझांनी २००९ साली न्यायालयात साक्ष दिली.

उलट बाजूचे उदाहरण २००४ सालचे. इराकमधल्या अबू ग्रैब तुरुंगात कैद्यांचा कसा छळ झाला, हे जगाला कोणत्याही व्यावसायिक छायाचित्रकाराने दाखवले नाही. त्याला तिथे कोण जाऊ देणार? ते फोटो पहारेकरी सैनिकांच्या स्वतःच्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यांतले होते. खांद्यावरचा कॅमेरा दिसला की माणसे सावध होतात. खिशातल्यासमोर ती जशी आहेत तशी राहतात, वाईट असली तरी.

आणि चांगली असली तरी. हे मला घरी कळले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, २००८ साली सहा महिने आमच्याकडे राहिले. मी डी-वनने त्यांचे खूप फोटो काढले. प्रत्येक वेळी अण्णा कोटाची बटणे लावायचे, पाठ ताठ करायचे आणि पासपोर्ट ऑफिसात बसल्यासारखे समोर पाहायचे. त्यांच्या पिढीत फोटो म्हणजे स्टुडिओ. ते सवयीने स्टुडिओत जाऊन बसायचे. एका दुपारी नातीने आईच्या पर्समधला चंदेरी कॅमेरा काढला आणि अंगणात मक्याची कणसे सोलत बसलेल्या आजोबांना काहीतरी विचारले. अण्णांनी हसून वर पाहिले. अण्णा २०१० साली गेले. पुण्यात बहिणीच्या घरी भिंतीवर हार घातलेला फोटो आहे तो हाच, आठ बाय दहाचा. माझ्या फोटोंत प्रकाश बरोबर आहे, फोकस बरोबर आहे. त्या फोटोत अण्णा आहेत.

खोक्यात काय निघाले

गेल्या वर्षी मंडळाच्या संग्रहासाठी जुने फोटो जमवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हीच वाटणी मोठ्या प्रमाणावर दिसली. खांद्यावरच्या कॅमेऱ्यांनी रंगमंच टिपला: गणपतीची आरती, नाटके, पाहुण्यांचे सत्कार. खिशातल्यांनी टिपले ते रंगमंचामागचे: चाळीस माणसांचा भात परतणारे हात, नऊवारीवर बर्फाचे बूट घातलेली मुलगी, मखराला टेप लावता लावता झोपलेले काका. मंडळाचा अहवाल पहिल्या फोटोंवरून लिहिता येईल. मंडळ चालले कसे, हे दुसऱ्या फोटोंवरूनच कळते.

पण एक गोष्ट चटका लावून गेली. १९८० आणि १९९० च्या दशकांतले फोटो बुटांच्या खोक्यांतून सुखरूप निघाले. काहींचा रंग उतरला होता इतकेच. २००० नंतरचे मात्र लोकांना सापडेनात. कोणाच्या सीडी वाचल्या जात नव्हत्या, कोणाचा जुना लॅपटॉप केव्हाच टाकून दिला होता, कोणाच्या कॅमेऱ्यात कार्ड होते पण चार्जर नव्हता. सर्वांत जास्त फोटो काढले त्या दहा वर्षांचा पुरावा सर्वांत कमी! फोटो विनासायास निघू लागले आणि प्रिंट काढणे थांबले, त्याचा हा परिणाम. कॅमेरा खांद्यावरचा असो की खिशातला, या बाबतीत दोघांची गत एकच.

त्या कॅमेऱ्यांचे युगही फार टिकले नाही. २००७ साली आयफोन आला. २०१० साली जगभरात सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांत बहुतेक खिशातले. २०२० साली हा आकडा नव्वद लाखांच्याही खाली गेला. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. आता आपली कॉलेजातली मुले जुने चंदेरी कॅमेरे हौसेने शोधत फिरतात. आमच्या एसडी-१००० वर मुलीने हक्क सांगितला आहे. डी-वन कोणी मागत नाही. तो माझ्याकडेच राहील असे दिसते.

म्हणून एक विनंती. या वीकेंडला ती वरची फळी उघडा. कॅमेऱ्यातले कार्ड काढून पाहा. काही रुपयांची, म्हणजे इथल्या काही डॉलरची, कार्ड-रीडरची दांडी पुरते. जे निघेल त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि दर वर्षाचे निदान दहा फोटो कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने साल लिहा, आणि माणसांची नावे लिहा. "सुमनमावशी, अण्णांची धाकटी मेहुणी" असे पूर्ण लिहा. कॅमेऱ्याला चेहरे ओळखता येतात, नाती नाही. ती सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर विचारून घ्या.