भाडं वसूल करणारी बाई

नाव 'पॅरडाइज प्लेस', म्हणजे स्वर्गच. पण लंडनच्या मॅरिलबोन भागातल्या या गल्लीत घरांच्या जिन्यांवर भरदिवसा काळोख असे. कठडे नव्हतेच, भाडेकरूंनी ते तोडून चुलीत घातले होते. एका जिन्यात गळक्या छपराखाली बादली ठेवलेली.

1865 मध्ये जॉन रस्किन यांनी इथली तीन घरं घेतली. गांधीजींनी ज्यांच्या पुस्तकावरून 'सर्वोदय' लिहिलं, तेच हे रस्किन. वडील आदल्याच वर्षी वारले होते आणि वारशाचा पैसा हाती आला होता. घरांचा कारभार त्यांनी सोपवला सव्वीस वर्षांच्या ऑक्टेव्हिया हिलकडे. अपेक्षा एवढीच, की गुंतवलेल्या पैशावर वर्षाला 5 टक्के सुटावेत. व्यवहार फायद्याचा ठरला, तर बाकीचे पैसेवालेही या कामात पडतील, असा त्यांचा हिशोब होता.

ऑक्टेव्हिया दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडं घेई. थकबाकी चालत नसे. जो देत नाही, त्याला खोली सोडावी लागे. पण त्याच फेरीत गळकं छप्पर, तुंबलेली मोरी तिच्या नजरेस पडे.

तिची खरी युक्ती दुरुस्तीच्या पैशात होती. प्रत्येक घरासाठी वर्षाची ठरावीक रक्कम बाजूला काढायची. मोडतोड झाली, तर ती त्यातच संपायची. उरली, तर भाडेकरूंना हवी ती सोय करून द्यायची. मग कठडा तोडणाऱ्याला शेजारीच हटकू लागले! काम नसलेल्या पुरुषांना ती डागडुजीला लावी. मोठ्या मुलींना थोडे पैसे देऊन जिने-बोळ धुवून घेई.

5 टक्के सुटले. गुंतवणूकदार येत गेले आणि 1874 पर्यंत तिच्या देखरेखीखाली 15 ठिकाणी सुमारे 3,000 भाडेकरू होते. वसुलीसाठी तिने बायकांचीच फळी तयार केली. 1884 पासून चर्चच्या मालकीची सदर्क भागातली घरंही तिच्याकडे आली. तिथे 1887 मध्ये तिने रेड क्रॉस गार्डन ही बाग उभारली.

या पद्धतीला मर्यादा होती. ज्यांना नियमित भाडं परवडत नव्हतं, अशा सर्वांत गरिबांना तिच्या घरांत थारा नव्हता. तरीही नगरपालिकेने घरं बांधण्याला तिचा विरोधच राहिला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने नेमका तोच मार्ग धरला. तोवर ती हयात नव्हती. 1912 मध्येच वारली होती.

पॅरडाइज प्लेसला आता गार्बट प्लेस म्हणतात. तिथल्या भिंतीवर तिच्या नावाची निळी पाटी आहे.