धापा : कोलकात्याचा कचरा आणि भाजीचे मळे

कोलकाता महानगरपालिकेचे मुख्यालय एस्प्लनेडजवळ असले, तरी शहराचा बहुतांश कचरा पूर्वेकडील धापा येथे जातो. तेथील शेतकऱ्यांनी शतकाहून अधिक काळ कुजलेल्या कचऱ्यावर फुलकोबी व पालेभाज्या पिकविल्या. धापा ज्या पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्रात मोडते, त्याचा २००२ मध्ये रामसर यादीत समावेश झाला. साली, देठ, उष्टे अन्न यांचे उत्तम खत होते. त्यात बॅटऱ्या व रंगांचे डबे मिसळले, तर जड धातू मातीतून भाजीत उतरू शकतात, आणि ही भाजी शहराच्याच ताटात येते. ढिगात मिसळलेले वेगळे करणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरीच वेगळा करणे बंधनकारक केले.