छावणीतले स्नान

नदी-विहिरीपासून दूर, उघड्या माळावर मुक्काम पडला असता अंगावर चार तांबे पाणी घेण्याची सोय कशी करावी, हा प्रश्न आज दुकानात टांगलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि बादलीत सोडावयाचे विजेरीवरचे छोटे पंप यांच्या रूपाने आपल्यापुढे येत असला, तरी तो मूळचा छावणीचा प्रश्न आहे. आणि ज्या दक्षिणेत एका बादशहाने आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे बहुतांशी तंबूंतून राज्य केले, त्या दक्षिणेतील माणसाला तरी या प्रश्नाचा इतिहास उपेक्षणीय वाटू नये.

अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या फिरत्या छावणीचा जो सरंजाम नोंदला आहे, त्यात 100 हत्ती, 500 उंट व 400 गाडे केवळ वाहतुकीसाठी असून, 1000 फर्रास, 500 बेलदार आणि 100 भिस्ती यांची तैनात सांगितली आहे. बादशहाच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी मोहोरबंद घड्यांतून येई, दरबार आग्र्यास किंवा फत्तेपुरास असता सोरोंहून आणि पंजाबात असता हरद्वाराहून, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असते. परंतु कनातींच्या आतल्या स्नानाचे पाणी त्या शंभर भिस्त्यांच्या पाठीवरून येत असले पाहिजे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. औरंगजेबाच्या काश्मीरच्या सफरीत बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य बरोबर होता. त्याने लिहून ठेवले आहे की, बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत आणि त्यांपैकी एक ‘पेशखाना’ म्हणून एक मजल पुढे जाऊन उभा राही. छावणीतील त्या डेऱ्यांत गुसलखानाही असे, आणि तेथे बादशहा सायंकाळी निवडक उमरावांना भेटे. मूळच्या स्नानगृहाचे असे खलबतखान्यात रूपांतर झाले होते; 1666 मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात शिवाजी महाराजांना औरंगजेबापुढे उभे केले, तो खाजगी दरबारही गुसलखाना याच नावाने ओळखला जाई.

आता ज्या साधनावर ही सारी व्यवस्था उभी होती, त्या मशकीकडे वळू. बकऱ्याचे कातडे अखंड उतरवून, कमावून, पायांच्या जागा शिवून व गळ्याचे तोंड मोकळे ठेवून मशक तयार होई. तीत सुमारे तीस लिटर पाणी मावे, म्हणजे तीस किलोंचे ओझे, आणि ते वादीने खांद्याला अडकवून कमरेवर तोलीत भिस्ती दिवसभर चाले. स्नान करणारा पाटावर किंवा दगडावर बसला की भिस्ती किंचित पुढे झुके आणि तोंडाची कातडी मुठीत आवळून बोटांच्या फटीतून पाण्याची धार सोडी. धार जाड हवी की बारीक, सतत हवी की थांबून थांबून, हे त्या मुठीवर ठरे. पाण्याचा साठा, त्याची उंची आणि धारेवरचा ताबा ही आजच्या कोणत्याही फिरत्या स्नानयंत्राची तीन अंगे होत. ती तिन्ही एका माणसाच्या देहात एकवटलेली होती. कातड्यातून पाणी झिरपून वाऱ्याने उडून जाई, म्हणून वैशाखातही मशकीतले पाणी गार राही. थंडीत मात्र हाच गुण दोष ठरे, कारण कढत पाण्याने कातडे आखडते, आणि ऊन पाणी हवे असेल तर धातूच्या भांड्याचाच आश्रय करावा लागे. मोठ्या जनावराच्या कातड्याची पखाल बैलाच्या वा रेड्याच्या पाठीवर घालीत. आज पखाल प्रत्यक्ष पाहिलेला माणूस विरळा, पण रेडा आणि पखाल यांची जोडी मराठी म्हणीत अजून शाबूत आहे.

भिस्त्यांच्या या प्रचंड समुदायातून इतिहासाने नावानिशी लक्षात ठेवला तो प्रायः एकच. 1539 मध्ये चौसा येथे शेरखानाने हुमायूनचा पराभव केला, तेव्हा गंगेच्या प्रवाहात बुडू लागलेल्या बादशहाला निजाम भिस्त्याने फुगवलेल्या मशकीच्या आधाराने पैलतीरी नेले, आणि त्या उपकाराबद्दल हुमायूनने त्याला अल्पकाळ तख्तावर बसविले. हत्तींच्या खुराकाचासुद्धा तपशील देणाऱ्या बखरनविसांनी इतर भिस्त्यांची नावे लिहिली नाहीत, ही उणीव मला फार खटकते. सैन्य पोटावर चालते असे आपण म्हणतो, परंतु मजल संपल्यावर त्या सैन्याला पुन्हा माणसांत आणणारे पाणी कोणाच्या तरी कमरेवरून आलेले होते.

मराठ्यांच्या राज्यात सभासदाने सांगितलेल्या अठरा कारखान्यांत पाण्याचा आबदारखाना व तंबूंचा फरासखाना हे दोन्ही आहेत. तथापि मराठी फौजेची चाल हलकी, आणि तिची खरी रीत पाण्याकाठी तळ देण्याची. दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर 1809 मध्ये राहिलेल्या ब्राउटन या इंग्रज अंमलदाराने लिहिले आहे की, कुचाच्या आदल्या दिवशी बिनीवाले पुढे जात आणि शिंद्यांच्या डेऱ्याची जागा लहान पांढऱ्या निशाणाने दाखवीत, मग तिच्या अनुरोधाने बाजाराच्या पेठा उभ्या राहत. असा तळ ठरविताना पाण्याची सोय आधी पाहावी लागे, हे उघड आहे. सोवळ्याओवळ्याचा विचारही येथे होता: कातड्यातले पाणी घोड्यांना, हत्तींना व रस्त्यावरच्या शिंपणीला चाले, ब्राह्मण कारकुनाच्या स्नानसंध्येला मात्र नदीच गाठावी लागे, नाहीतर पाणक्याने तांब्याच्या घागरीतून आणलेले पाणी. म्हणून एकाच छावणीत पखालजी आणि पाणक्या असे पाणी वाहणारे दोन व्यवसाय शेजारी शेजारी नांदत, आणि एकाचे पाणी दुसऱ्याच्या धन्याला चालत नसे. ओझे दोघांचेही सारखेच जड होते, याचा विचार मात्र त्या व्यवस्थेने केला नाही.

पाण्याकाठच्या तळाला दुसरीही बाजू असते. 1700 च्या ऑक्टोबरात माण नदीच्या काठी खवासपूर येथे बादशाही छावणी असता रात्री अकस्मात पूर आला, माणसे, जनावरे व डेरे वाहून गेले, आणि घाईने उठलेला औरंगजेब अडखळून पडल्याने त्याचा गुडघा निखळला. पुढे तो अखेरपर्यंत लंगडत चालला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकण्याचा मोह होणाऱ्या प्रत्येक गिर्यारोहकाने ही हकीकत लक्षात ठेवावी.

इंग्रजी अमलात छावणीची जागा साहेबाच्या हिवाळी फिरतीने घेतली. लंडनच्या विल्यम फीदम नावाच्या शेगडी बनविणाऱ्याने 1767 मध्येच पंपाने पाणी वर चढवून अंगावर सोडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते; परंतु आमच्या मुलखात आलेल्या कलेक्टराने पत्र्याचे टब आणि भिस्ती यांवरच भागविले. राहुटीच्या मागे कनात लावावी, तीन दगडांवर रॉकेलच्या डब्यात पाणी तापवावे आणि ते टबात ओतावे, हा परिपाठ होता. पलटणींबरोबर भिस्ती असतच, आणि किप्लिंगने 1890 मध्ये एका भिस्त्यालाच कवितेचा नायक केले. मुंबईत त्याच्या तीस वर्षे आधी, 1860 मध्ये, विहार तलावाचे पाणी नळांनी येऊ लागले होते. नळ जसजसे पसरले तसतसा पखालजी शहरांतून मागे हटला.

आजच्या प्रवाशाला पाठीवर पाणी आणणारा कोणी नाही, आणि ते चांगलेच झाले. पण त्यामुळे निवड करताना भिस्त्याचा हिशेब त्याला स्वतःच करावा लागतो. वीस लिटरांची काळी पिशवी भरली की वीस किलोंची होते. उन्हात काही तास पडली तर पाणी कोमट होते, परंतु ती टांगण्यास भक्कम फांदी हवी, आणि दोन मीटर उंचीने मिळणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक पंचमांश असतो, म्हणून धार मंदच पडणार. विजेरीचा पंप फांदीची गरज मिटवितो, पण तो बादलीतले पाणी झपाट्याने संपवितो. हवा भरून दाब आणणारी टाकी शेतकऱ्याच्या पाठीवरील फवारणी पंपाच्या तत्त्वावर चालते आणि थोड्या पाण्यात भागविते. गाडी जेथवर जाते तेथवर माझी पसंती तिलाच आहे. पायी गडावर जाणाऱ्याने मात्र पाच लिटरांहून मोठे काही नेऊ नये.

गडावर तर आणखी एक मर्यादा येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्यापूर्वी आधी पाणी पाहावे, ते नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, आणि झरा असला तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या धडाक्याने झरे आटतात, असे बजावले आहे, व साठ्याचे पाणी जपून ठेवण्यास सांगितले आहे. त्याच टाक्यांच्या काठावर साबण लावून अंग धुणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तोच साबण पुढे येणाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात उतरतो. फिरते स्नानयंत्र गडावर न्यावयाचे ते याच कारणासाठी: पाणी भांड्याने काढून घ्यावे, टाक्याच्या उतारावरून खाली, निदान शंभर पावले दूर जावे, आणि साबण न लावता, वाहिलेले पाणी मातीत मुरेल अशा जागी स्नान करावे.